संकलक : मराठी विभाग

प्राचार्यांनी बोलावलंय असा निरोप घेऊन शिपाई आला, तेव्हा मी मनाची तयारी नॅकच्या फायलींसाठी केली होती. केबिनमध्ये गेलो तर प्राचार्य म्हणाले, "सर, भंडारदऱ्याला जाऊन या."

माणसाला कॉलेजातून घालवण्याचे सभ्य मार्ग पुष्कळ असतात, पण हा मला नवा होता. मग उलगडा झाला. एस.वाय.बी.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गाची सहल निघायची होती. मुली सव्वीस, मुलगे सात. सोबत दोन शिक्षक हवेत आणि त्यांतला एक पुरुष हवा, असा नियम. वनस्पतिशास्त्र विभागात त्या वर्षी मॅडम एकट्याच उरल्या होत्या. बाकीच्या जागा रिक्त होत्या, म्हणजे कागदावर होत्या आणि खुर्चीवर नव्हत्या.

"पण मी मराठीचा," मी म्हणालो.

"मग काय झालं? निसर्गच तर आहे!"

प्राचार्य रसायनशास्त्राचे. निसर्ग हा विषय मराठी विभागाकडे असतो अशी त्यांची समजूत असावी. स्नेहसंमेलनातली माझी भाषणं ऐकून कुणाचीही झाली असती.

इथे एक कबुली द्यायला हवी. शिकवायला लागून मला तेव्हा बावीस वर्षं झाली होती, आणि त्या बावीस वर्षांत 'अनामिक रानफुलं' हे शब्द मी किती वेळा उच्चारले असतील त्याची मोजदाद नाही. कवितेत रानफूल आलं की मी आवाज एक पट्टी खाली आणायचो, खिडकीबाहेर बघायचो (बाहेर सायकलस्टँड होता) आणि म्हणायचो, "कुणी नाव न दिलेलं, कुणी न पाहिलेलं..." मुली ते लिहून घ्यायच्या. मार्चमध्ये तेच वाक्य उत्तरपत्रिकेतून माझ्याकडे परत यायचं आणि मी त्याला मार्क द्यायचो. व्यवहार असा चोख होता.

२०१४ च्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी पहाटे पाचला बस निघाली. मॅडमच्या हातात एका जाडजूड पुस्तकाचे झेरॉक्स केलेले भाग, लॅबमधल्या मामांच्या खांद्याला पट्ट्यांनी आवळलेला लाकडी प्रेस आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, माझ्या पिशवीत एक कवितासंग्रह. एका मुलीनं घरी नुसतं 'अकोल्याला' जाते असं सांगितलं होतं. आपण जाणार ते अकोले आणि वऱ्हाडातलं ते अकोला, पण सामान्यरूप झालं की दोन्ही गावं एक होतात. आईनं वऱ्हाडचं ऊन लक्षात घेऊन तिच्याबरोबर टोपी आणि कांदा दिला होता. तो कांदा पुढे जेवणात कामी आला.

संगमनेर मागे पडलं, उसाच्या कडेनं बाभळी दिसायला लागल्या. वर्गावर छाप पाडायची हीच वेळ असं समजून मी मोठ्यानं म्हणालो, "अकेशिया!" हे एक शास्त्रीय नाव मला येत होतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, आता नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते एखाद्या भाऊबंदकीच्या दाव्यासारखं होतं. अकेशिया हे नाव नियमानं ज्या झाडावर बेतलेलं होतं ते झाड म्हणजे आपली बाभूळच. पण शास्त्रज्ञांना ते मोठं कुटुंब वेगळं करायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, घराण्याचं नाव कुणी ठेवायचं? ऑस्ट्रेलियात या गोतावळ्याच्या हजाराच्या आसपास जाती. एवढ्या जणांची नावं कोण बदलणार, असं त्यांचं म्हणणं. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाकडे गेलं. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया. बऱ्याच जणांनी तक्रार केली, वाद सहा वर्षं चालला आणि २०११ साली पुढच्या परिषदेत तोच निर्णय कायम झाला.

"ही परिषद कुठे झाली?" मी विचारलं.

"मेलबर्नला."

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, टाकळ्याचं पण बदललंय ना? आधी कॅशिया होता, आता सेना." आणि सगळी बस टाकळ्याच्या पक्षांतरावर हसत राजूरपर्यंत गेली.

भंडारदऱ्याचं धरण प्रवरेवर आहे. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. पाठीमागच्या जलाशयाचं नाव आर्थर लेक. आम्ही उतरलो त्या शेंडी गावात मात्र या दोन्ही साहेबांची नावं कुणी घेताना दिसलं नाही. तिथे धरणाला धरण म्हणतात आणि पाण्याला पाणी. पाणी फक्त टीएमसीत मोजतात. चहावाल्यानं कप पुढे करता करता सांगितलं, "फुल आहे, अकरा टीएमसी," जणू हे त्याच्याच टाकीतलं आहे.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी असा. आम्ही त्याच्या कडेनं चालायला लागलो. एका बाजूला काठोकाठ भरलेलं पाणी, त्यात रतनगड उलटा उभा, वर ढगांची ये-जा. मी हात मागे बांधून उभा राहिलो. असं दृश्य दिसलं की मला हात मागे बांधायची सवय आहे. शेजारी पुण्या-मुंबईचे पर्यटकही पाण्याकडे तोंड करून फोटो काढत होते. आणि आमचा वर्ग? तेहेतीस मुलं पाण्याकडे पाठ करून, उकिडवी बसून, रस्त्याच्या कडेच्या ओल्या कातळात नाक खुपसून होती. एवढ्या लांब येऊन जलाशयाकडे कुणी बघेना.

एका पर्यटक कुटुंबातल्या काकूंना राहवलं नाही. "काय हरवलं गं? कानातलं का?" असं म्हणत त्या उत्तराची वाट न बघता खाली वाकल्या. बाईमाणसाचं कानातलं पडलं की उभं राहता येत नाही, हे मी माझ्या घरीही पाहिलेलं आहे. दोनच मिनिटांत त्या ओरडल्या, "सापडलं! हे बघ, चमकतंय!"

मॅडम धावल्या. कातळावरच्या ओल्या मातीत नाण्याएवढं तांबूस झाड, त्याच्या पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. ड्रॉसेरा, मराठीत दवबिंदू. ते थेंब दवाचे नसतात, चिकट असतात. किडा बसला की अडकतो आणि पान सावकाश त्याच्यावर मिटतं. सकाळपासून वर्ग हेच शोधत होता. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कानातलं नाहीच?"

त्याच कातळावर, चार पावलांवर, निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा पट्टा पसरला होता. "याला काय म्हणतात?" मी विचारलं. "सीतेची आसवं," एक मुलगी म्हणाली. आता मात्र मी माझ्या प्रांतात आलो. वनवास, कातळ, एकटेपण, अश्रू. मी घसा साफ केला, आवाज पट्टीवर आणला आणि तीन-चार वाक्यं चांगली बोललो. मुलं आदरानं ऐकत होती. मॅडमनी वाक्य संपू दिलं. मग म्हणाल्या, "सर, ही मांसाहारी आहे."

तिच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात म्हणे. सूक्ष्म जीव जवळ आला की फुग्याचं दार उघडतं, पाण्यासकट त्याला आत ओढतं आणि बंद होतं. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळात. कातळावरच्या मातीत पोषण फारसं नसतं, म्हणून ही सोय. त्यानंतर बराच वेळ मी काही बोललो नाही. सीतेबद्दल तर नाहीच.

सोनकीनं माझं व्याकरणही काढून घेतलं. डोंगरउतार पिवळे करणारं ते साधं फूल. मी म्हणालो, "हे फूल—" तर मुलगा म्हणाला, "सर, हे एक फूल नाही. ही खूप फुलं आहेत." मधल्या पिवळ्या गड्ड्यात प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र फूल, बाहेरची प्रत्येक पाकळी म्हणजेही एक फूल, आणि सगळी एका देठावर एकत्र कुटुंबासारखी. म्हणजे 'फूल' हे एकवचन चुकीचं. उद्या व्याकरणाच्या तासाला वचन शिकवताना मी कशाचं उदाहरण द्यायचं?

पुढे पिवळंधमक, दोन कान वर केलेलं एक फूल दिसलं. त्याला सगळी मुलं 'मिकी माउस' म्हणत होती. मॅडम म्हणाल्या, स्मिथिया. म्हणजे लिनिअसचा सगळा संग्रह विकत घेऊन १७८८ साली लंडनमध्ये लिनिअन सोसायटी काढणारे जेम्स एडवर्ड स्मिथ, त्यांच्या नावावरून. मामा म्हणाले, कवला. अकोले तालुक्यात उगवलेलं एक वीतभर रोप. त्याच्यावर लंडन, हॉलिवूड आणि मामा अशी तिघांची मालकी, आणि मी याच फुलाला गेली बावीस वर्षं अनामिक म्हणत आलो होतो. अनामिक नव्हतं ते. मी विचारलं नव्हतं, इतकंच.

ओळखायचं कसं, हेही त्या दिवशी कळलं. मॅडमजवळचे ते झेरॉक्स म्हणजे थिओडोर कूकच्या मुंबई इलाख्याच्या 'फ्लोरा'चे. १९०१ ते १९०८ या काळात हप्त्याहप्त्यानं निघालेला हा ग्रंथ पश्चिम महाराष्ट्रातल्या वनस्पतीवाल्यांना अजून लागतो. कूकसाहेब मूळचे इंजिनिअर. वसईचा रेल्वेपूल बांधला, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, आणि झाडांच्या नादाला लागले. हे ऐकून मला थोडा धीर आला. परप्रांतातून येऊन इथे नाव काढलेले लोक होते तर.

त्या ग्रंथात झाड ओळखायची रीत प्रश्नांची आहे. पानं समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असतील तर या पानावर जा, नसतील तर त्या. देठ आहे की नाही? कडा सरळ की दातेरी? असे एकामागून एक होय-नाहीचे नाके ओलांडत गेलं की शेवटी नाव मिळतं. स्थळं बघायला जाणाऱ्या मावश्या याच रीतीनं कुळापर्यंत पोचतात, फक्त त्यांना कूक लागत नाही. दुपारपर्यंत मला हे इतकं अंगवळणी पडलं की मी स्टाफरूममधल्या मंडळींची वर्गवारी मनात सुरू केली. दातेरी कडेपाशी बरेच जण अडकले.

एका वळणावर उतरणीनं पाण्याच्या अगदी कडेला जाता येत होतं. नैसर्गिक तळ्याला कसं, काठाला पाणकणसांची वगैरे गर्दी असते. इथे तसं काही नव्हतं. गवताचा उतार थेट पाण्यात शिरत होता, जणू पाणी काल आलंय. मॅडम म्हणाल्या, "कालच आलंय तसं." पावसाळ्यात भरलेलं धरण उन्हाळ्यापर्यंत खाली खाली जातं, काठ दर आठवड्याला सरकतो, आणि पुढच्या पावसात सगळं परत बुडतं. सहा महिने बुडून आणि सहा महिने सुकून जगेल असं मोठं झाड सहसा नसतं. म्हणून या पट्ट्यात बहुतेक सगळे हंगामी. पाणी हटलं की उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि पाणी यायच्या आत आवरायचं. धरणांच्या काठची माणसंही त्या उघड्या पडलेल्या गाळात तशीच घाईनं पीक काढतात, त्याला गाळपेर म्हणतात.

वर्गातल्या एका मुलीनं हे ऐकून विचारलं, "म्हणजे तासिका तत्त्वावर?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या विभागात तासिका तत्त्वावर यायलासुद्धा त्या वर्षी कुणी मिळालं नव्हतं.

कारवीच्या दाट झुडपांपाशी थांबलो असताना वरून शेळ्या उतरल्या आणि त्यांच्यामागून एक आजी. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे मुलांना माहीत होतं. आजींना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना कारवी म्हणजे कूड, घराच्या भिंती. मुलं वह्या उघडून त्यांच्याभोवती जमली. आजींनी भारंगी दाखवली, कुर्डू दाखवला, चाईच्या मोहराची भाजी कशी करतात ते सांगितलं, बाळहिरड्याला यंदा काय भाव मिळाला ते सांगितलं. सगळं पटापट, हातातल्या काठीनं दाखवत. मग एका मुलानं तीच ती जांभळी आसवं दाखवून विचारलं, "आजी, याला काय म्हणता?"

आजींनी वाकून बघितलं. "त्याला काय म्हणायचं? फूल हाय."

"आणि हे?" त्यानं शेजारची एक झुडूपवजा वनस्पती दाखवली.

"ह्ये शेळी खात न्हाय."

मुलानं वहीत लिहून घेतलं : स्थानिक नाव – शेळी खात नाही. मॅडमनी नंतर ते तपासलं आणि खोडलं नाही. आजींच्या शास्त्रात माणूस काय खातो, शेळी काय खाते आणि दुखण्याला काय लागतं, एवढे मोठे विभाग होते, आणि त्यांत जे बसत नाही त्याला नाव द्यायला त्यांना सवड नव्हती. सकाळपासून मी मनाशी 'प्रत्येक फुलाला नाव असतं' असं एक वाक्य घोळवत होतो, पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी. ते तिथेच पडलं. (याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणी जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला या आजींची काठी आठवली.)

रात्री मुक्काम शेंडीतच होता. खाणावळीत पिठलं, भाकरी, ठेचा आणि अकोल्याहून वाचलेला तो कांदा. जेवताना मला कळलं की टूर रिपोर्टला मार्क आहेत, आणि रिपोर्टबरोबर हर्बेरियमची शीट द्यायची आहे. दिवसभर मात्र मॅडमनी कुणाला एक पान तोडू दिलं नव्हतं. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ सालापासूनचं. इथे फोटो काढायचे, चित्र काढायचं, हात लावायचा नाही. मग शीट कशाची?

"परसात बघा की," खाणावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या. "तेरडा माजलाय नुसता. गौरीला आणला होता, उरलेला तिथंच टाकला, तर दर साली आपला आपण येतो."

सकाळी परसात तेरडा खरोखरच कुंपणाला भिडला होता. मॅडमनी एक फुगलेलं बोंड दाखवलं आणि म्हणाल्या, "सर, हात लावा." मी लावला. टप् असा आवाज होऊन बोंड बोटांतच फुटलं, त्याच्या सालींच्या गुंडाळ्या झाल्या आणि बिया माझ्या शर्टावर उडाल्या. मी दोन पावलं मागे सरलो. तेहेतीस मुलं ज्याची वाट बघत होती ते झालं. इम्पेशन्स, म्हणजे उतावळी. लिनिअसनं हे नाव १७५३ साली दिलं आणि आजवर कुणी बदललेलं नाही.

"तेरड्याचा रंग तीन दिवस," मी सावरून घेत म्हणालो. म्हण तरी आमच्या विभागाची.

"कुणी मोजलेत?" मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, चेष्टा करताहेत. नव्हत्या. त्यांना खरंच हवं होतं.

म्हणून मीही एक शीट करायचं ठरवलं. मुळासकट, पान, फूल, बोंड सगळं यायला हवं. मामांच्या प्रेसमध्ये जागा उरली नव्हती. त्यांनी माझं रोप वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि बजावलं, "सर, घरी गेल्यावर कागद रोज बदला आणि वर चांगलं वजन ठेवा. वजन पाहिजे."

वजन मराठी विभागात भरपूर आहे. आमच्या कपाटात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड आहेत. एक एक खंड हातात घेतला तर माणूस बसूनच वाचतो. शेजारी मोल्सवर्थ. सोमवारी मी एक खंड काढला आणि रोप आत ठेवलं. कागद रोज बदलायचा होता. पहिल्या दिवशी बदलला. दुसऱ्या दिवशी विभागात बैठक होती. तिसऱ्या दिवशी शिपायानं 'सर, तुमचं हे रद्दीत पडलं होतं' म्हणून वर्तमानपत्र परत आणून दिलं, तेव्हा लक्षात आलं की पहिल्या दिवशी मी रोप कागदाबाहेर, थेट पानांमध्येच मिटलं होतं.

उघडेपर्यंत आठवडा गेला. रोप उत्तम वाळलं होतं. मी ते साधारण बेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या जाड कागदावर टाक्यांनी शिवलं आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लावलं : इम्पेशन्स बाल्समिना. कुळ बाल्समिनेसी. स्थानिक नाव तेरडा. स्थळ : शेंडी, खाणावळीचं परसू, ता. अकोले, जि. अहमदनगर. संकलक : मराठी विभाग. मॅडमनी दहापैकी सहा दिले. मूळ अर्धवट आलं होतं.

शीट त्यांच्या विभागात आहे. लेबलावरच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, ते दुरुस्त करायचं राहिलंय. कोशाचा तो खंड मात्र मी परत कपाटात ठेवला तेव्हा पाहिलं, दोन्ही पानांवर रोपाच्या आकाराचा नारिंगी-तपकिरी डाग उमटला होता. तेरड्यात मेंदीसारखंच रंगद्रव्य असतं, उत्तरेत त्याला गुलमेहंदी म्हणतात आणि बायका नखं रंगवतात, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं.

आज अकरा वर्षं झाली. मी दर सप्टेंबरात तो खंड काढून बघतो. डाग तसाच आहे. ग्रंथपालांना अजून सांगितलेलं नाही.